सील शाबूत

मी आजवर एकही सील विनाकारण तोडलेलं नाही. हे मी अभिमानानं सांगतोय असं वाटत असेल, तर बरोबर वाटतंय. परीक्षा विभागात सव्वीस वर्षं काढली मी. प्रश्नपत्रिकांची पाकिटं माझ्या ताब्यात असतात, आणि पाकीट उघडायचं म्हणजे ठीक दहा वाजून पन्नास मिनिटांनी, दोन साक्षीदारांसमोर, आधी कागदावर 'सील शाबूत' असं लिहून, खाली तिघांच्या सह्या घेऊन. एकदा आमच्या मोठ्या साहेबांनीच दहा एकोणपन्नासला पाकिटाला हात घातला, तेव्हा मी पाकीट त्यांच्या हाताखालून काढून घेतलं होतं. माझी बढती त्यानंतर जरा लांबली, पण ते असो.

हे आधी सांगून ठेवायचं कारण म्हणजे, पुढे जे घडलं त्यावरून लोक मला बावळट म्हणतात. लोक म्हणजे घरातले. इमारतीतलेही म्हणतात, पण त्यांचं मी मनावर घेत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो बावळटपणा नव्हता, शिस्त होती. फक्त जागा चुकली.

तर झालं असं, की आईला मावशीकडे जायचं होतं.

मावशी म्हणजे आईची सख्खी मोठी बहीण. वय चौऱ्याऐंशी. आई अठ्ठ्याहत्तर. मावशीचं घर आमच्यापासून गाडीनं साडेचार तासांवर. दोघींचा रोज संध्याकाळी सहाला फोन असायचा. चोवीस तासांत दोघींच्याही आयुष्यात काडीचं काही घडायचं नाही, तरी पाऊण तास कमी पडायचा. मग मावशी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, तिचं बाहेर पडणं संपलं. आणि चार महिन्यांपूर्वी तिचे कान गेले. थोडेथोडके नाहीत, साफ गेले. यंत्र लावूनही उपयोग झाला नाही. आता सहाला फोन लागतो, मावशी पलीकडून तीनदा 'हॅलो' म्हणते, 'काही ऐकू येत नाही गं' म्हणते आणि ठेवून देते. आई तरीही रोज फोन लावते. ते तीन हॅलो ऐकते आणि मग देवघरातली वस्तू जपून ठेवावी तसा फोन जागेवर ठेवते.

आता उरला तो एकच मार्ग, समोर जाऊन बसायचा. आणि तिथेच घोडं अडलं होतं, कारण आईला दमा आहे.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही निघालो होतो. बारा किलोमीटरवर एक पेट्रोल पंप आहे, तिथपर्यंत पोचलो आणि आईला असा खोकला सुटला की तिचे ओठ निळे पडले. गाडी वळवली ती थेट डॉक्टरांच्या दारात. आईला बरं वाटल्यावर डॉक्टर स्वतः खाली आले, गाडीत बसले, एसी सुरू केला आणि दुसऱ्या मिनिटाला शिंकत बाहेर आले.

"या गाडीत मलासुद्धा दमा होईल," ते म्हणाले. "आतल्या हवेचा फिल्टर कधी बदललात?"

मी विचारलं, "आतल्या हवेला फिल्टर असतो?"

डॉक्टरांनी मग आईलाच सांगितलं, की तो फिल्टर बदला, झाकण घट्ट बंद करा, फटीतून धूळ यायला नको. मग खुशाल जा. काचा उघड्या टाकून मात्र जायचं नाही, हायवेची धूळ तुम्हाला सोसणार नाही. म्हणजे मावशी आणि आई यांच्यामध्ये आता फक्त एक हातभर लांबीची जाळी होती, आणि ती बदलणं माझ्याकडे होतं.

आईनं रविवार ठरवला आणि बुधवारीच बॅग भरली. बॅगेत दोन साड्या, औषधं आणि एक दोनशे पानी वही. मावशीला ऐकू येत नाही पण दिसतं चांगलं, म्हणून आई त्या वहीत जाड पेनानं, एका पानावर दोन-तीन ओळी अशा मोठ्या अक्षरात, चार महिन्यांचं साठलेलं बोलणं लिहून काढत होती. मी डोकावलो तर वही छातीशी धरली. "तुझ्यासाठी नाहीये ते," म्हणाली.

मी गुरुवारी गाडीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. एका बाईंनी अत्यंत गोड आवाजात विचारलं, तक्रार काय? मी सांगितलं, गाडीत वास येतो, फिल्टर बदलायचाय.

"सर, वास ही तक्रार आहे आणि फिल्टर ही देखभाल आहे. एका नोंदणीत एकच सदर घेता येतं."

"बरं, देखभाल घ्या."

"देखभालीला पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला जागा आहे, सर."

"आणि तक्रारीला?"

"तक्रारीला उद्याच जागा आहे. पण तक्रारीत फिल्टर बदलून मिळत नाही. फक्त वास येतोय का ते तपासून मिळतं."

खरं सांगतो, मला राग आला नाही. आला असता, पण याच सुरात, याच शांतपणे, मी खिडकीच्या आतल्या बाजूनं हजारो लोकांना परत पाठवलंय. त्या बाईंना मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि ठरवलं, की शनिवारी सुट्टी आहे, आपण घरीच बदलू.

हे वाक्य मी चहा पिताना बायकोला सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"अहो, तुम्ही? गेल्या वर्षी तुम्ही घंटेचं बटण बदललंत, तेव्हापासून ते दाबलं की बाथरूममधला दिवा लागतो."

"तो वायरमनचा दोष होता."

"वायरमन तुम्हीच होतात."

असल्या वेळी मी विषय वाढवत नाही.

शनिवारी सकाळी नऊला मी पार्किंगमध्ये उतरलो, तर बॅटरीकाका आधीच हजर. बॅटरीकाका पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांना हे नाव पडलं, कारण त्यांच्या हातात सदान् कदा एक बॅटरी असते. भर दुपारीसुद्धा ते प्रत्येक गोष्ट बॅटरीच्या उजेडात बघतात आणि उजेड नेमका काम करणाऱ्याच्या डोळ्यांत पाडतात. माणूस मनानं फार चांगला. ज्ञान अफाट, फक्त कुठल्याच विषयाला लागू पडत नाही.

"फिल्टर ना? बॉनेट उघड," काका म्हणाले.

"काका, आतल्या हवेचा आहे."

"अरे, हवा काय आत जन्माला येते का? बाहेरूनच येते ना? मग बॉनेट!"

युक्तिवाद बिनतोड होता. आम्ही बॉनेट उघडलं, एक काळा डबा सापडला, चार क्लिपा काढल्या आणि आतून एक मातकट फिल्टर निघाला. तासाभरात काम झालं म्हणून काकांनी माझी पाठ थोपटली, तेलकट हातानं. शर्ट नवा होता. तो फिल्टर पिशवीत घालून मी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार एक वयस्क, मितभाषी गृहस्थ. त्यांनी पिशवीत नुसतं डोकावलं.

"हा इंजिनाचा आहे. तुम्हाला कुणाचा हवाय? इंजिनाचा की माणसांचा?"

"माणसांचा," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"मग हा आधी परत बसवा, नाहीतर इंजिनाला दमा लागेल. माणसांचा समोरच्या खणाच्या मागे असतो. गाडी कुठल्या सालची?"

मी साल सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या सालातली जूनच्या आधीची की नंतरची? कारण जूनमध्ये कंपनीनं माप बदललं. आता आमची गाडी घेतली जुलैत, पण बनली कधी कुणास ठाऊक. तेव्हा दुकानदारांनी एक फिल्टर काढून माझ्यासमोर ठेवला. पारदर्शक पातळ वेष्टनात घट्ट बसलेला, वेष्टनाच्या तोंडाला एक लाल चिकटपट्टी.

"हा नेऊन खाचेत सरकवून बघा. माप जुळलं तर ठेवा, नाही जुळलं तर बदलून देतो. पण एक लक्षात ठेवा, साहेब, सील तोडायचं नाही. सील तुटलं की माल परत नाही."

त्यांच्या मागे भिंतीवर तशी पाटीच होती. मला काय वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. आजच्या काळात सीलाचा मान राखणारा माणूस भेटतो कुठे? मी म्हणालो, "निश्चिंत राहा. माझ्या हातून सील तुटणार नाही."

आणि तो शब्द मी पाळला. अगदी टिच्चून पाळला.

परत येऊन इंजिनाचा फिल्टर बसवला. मग समोरचा खण रिकामा केला. या खणाला इंग्रजीत हातमोज्यांचा खण म्हणतात म्हणे. आमच्या खणात सतरा वस्तू निघाल्या, त्यात हातमोजा एकही नव्हता. मी रीतसर यादी केली. चष्म्याची एक काडी, वाळलेलं पेन, बायको दोन वर्षं शोधत असलेली कात्री. कात्री बघताच बायको म्हणाली, "मी तुम्हालाच विचारत होते ना?" मी यादीत लिहिलं, 'कात्री, एक, वादग्रस्त.'

खण काढताना त्याची एक कडी मोडली. स्क्रू काढताना एक स्क्रू कुठल्यातरी भोकात गेला, तो बायकोनं सुईच्या डब्यातलं चुंबक दोऱ्याला बांधून वर काढला. काका म्हणाले, मी हेच सुचवणार होतो. मग मागे एक लांबट झाकण दिसलं. झाकणाच्या कडेची फोमची पट्टी पार कुजून गेली होती, हात लावताच तिचा भुगा झाला. मी झाकण उघडण्याआधी थांबलो.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"साक्षीदार लागतील."

"अहो, गाडी उघडताय का परीक्षा घेताय?"

पण सवय म्हणजे सवय. मी पॅड घेतलं आणि पंचनामा लिहिला: 'आज रोजी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी झाकण उघडले. फोमची पट्टी जीर्ण. जुना फिल्टर काळा, त्यात पाने, पिसे व एक किडा, मृत. नवीन फिल्टर आणला. सील शाबूत.' खाली बायकोनं न वाचता सही केली. काकांनीही केली, बॅटरी दाताखाली धरून.

नवा फिल्टर सरकवला. काय सांगू, मापात! सुळकन् आत गेला. काकांनी बॅटरी मारली, फिल्टर लखलखला. "बघ कसा चमकतोय! नव्या मालाची झळाळीच वेगळी," काका म्हणाले. तिघांनीही कौतुकानं पाहिलं. तिघांनीही पाहिलं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आता झाकण सील करायचं होतं. हा माझा प्रांत. मी घरातून लाखेची कांडी आणि मेणबत्ती आणली, पण बायकोनं गाडीत काडी ओढू दिली नाही. मग तिनंच खिडक्यांना लावून उरलेली फोमची चिकटपट्टी आणली, ती मी झाकणाच्या चारही कडांना लावली, सांध्यावर पुन्हा एक थर दिला आणि झाकण बसवून त्यावर कागदाची पट्टी डकवली. पट्टीवर सही, तारीख आणि 'परवानगीशिवाय उघडू नये.' असं सीलबंद काम उभ्या इमारतीत झालं नसेल. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर त्यांना गहिवरून आलं असतं.

मी एसी सुरू केला.

पंख्याचा आवाज आला. मोठा आला. वारा मात्र येईना. जाळीपाशी हात धरला, गाल धरला, शेवटी कागदाचा कपटा धरला. कपटा ढिम्म.

"गॅस गेला," काका म्हणाले.

"काका, गॅस गेला तर वारा गरम येईल. वाराच कसा जाईल?"

"एकदा जायला लागलं की सगळंच जातं," काका म्हणाले.

बायको म्हणाली, "अहो, उलटा तर नाही बसवला? त्यावर बाण असतो." मी काही बाण उलटा लावणाऱ्यातला नाही, पण आईचा चेहरा आठवला. माझी स्वतःची सही असलेली पट्टी मी स्वतःच्या हातानं फाडली. कसं वाटलं ते विचारू नका. दुसरा पंचनामा. फिल्टर काढला, बाणासकट फिरवला, पुन्हा बसवला. 'सील शाबूत.' दोन सह्या. पुन्हा फोम, पुन्हा पट्टी. पुन्हा एसी. कपटा ढिम्म.

तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. आमच्या ह्यांच्या गाडीतही असंच झालं होतं, म्हणाल्या. मी आशेनं विचारलं, मग काय केलंत? "विकली," म्हणाल्या, आणि गेल्या.

दीड वाजला. काका जेवून झोपायला गेले. जाताना बॅटरी माझ्याकडे ठेवून गेले, जणू काही अमानतच. मी तिसऱ्यांदा सगळं उघडलं. फिल्टर हातात घेऊन चारही बाजूंनी निरखला. कुठे फाटलेला नाही, वाकलेला नाही. आता तुम्ही विचाराल, अरे माणसा, वेष्टन दिसत नव्हतं का? दिसत होतं हो. पण मला ते वेष्टन म्हणून दिसतच नव्हतं, सील म्हणून दिसत होतं. आणि सील शाबूत होतं, म्हणजे आपल्या लेखी सगळं ठीक होतं. मी बाण पुन्हा सरळ केला, फिल्टर बसवला, एसी लावला, कपटा ढिम्मच; तिसरा पंचनामा लिहिला, त्यावर बायकोची सही घेतली आणि साडेतीनच्या सुमारास वर घरी गेलो.

आई तिच्या खोलीत पलंगावर बसली होती. बॅग उघडी होती. दोन साड्या पुन्हा कपाटात गेल्या होत्या. औषधांचा डबा खिडकीत, त्याच्या नेहमीच्या जागी. वही तेवढी मांडीवर होती.

"हे काय?"

"राहू दे रे. एवढं काय अडलंय. जाऊ पुढच्या महिन्यात." मग जरा थांबून ती म्हणाली, "ती काही कुठे पळून जात नाही."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बहिणीबद्दल हे वाक्य तिनं हसत म्हटलं. मला हसता आलं नाही. सकाळपासून पार्किंगमध्ये जी काही अब्रू गेली होती तिचं मला काही वाटेनासं झालं. मला एकदम वाटलं, की आपण आयुष्यभर नेमक्या वेळी पाकिटं उघडली, आणि आपल्या आईच्या वेळेला काहीच उघडता येत नाहीये. मग मी नेहमी करतो तेच केलं. हातातला कागद पुढे केला.

"आई, सही दे इथे. काका झोपलेत, दुसरा साक्षीदार नाहीये."

आता आईबद्दल एक सांगायचं राहिलं. आईनं एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. आजही ती औषधाच्या डब्यातला बारीक अक्षरांचा कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचते, मगच गोळी घेते. न वाचता सही करणं तिच्या रक्तात नाही. तिनं चष्मा लावला, उशीखालची पेन्सिल काढली आणि वाचायला लागली. पहिल्याच ओळीत एक वेलांटी दुरुस्त केली. मग म्हणाली, "हा तिसरा दिसतोय. आधीचे दोन कुठेत?"

मी तेही दिले. ते वाचले. पेन्सिल एका जागी थांबली.

"हे काय लिहिलंयस? 'नवीन फिल्टर. सील शाबूत.' तिन्ही कागदांत आहे."

"म्हणजे सील तुटलेलं नाही."

"कसलं सील?"

"फिल्टरच्या वेष्टनाचं."

"मग ते तोडायला नको?"

"छे! तोडलं तर दुकानदार परत घेणार नाही."

आईनं चष्म्यावरून पाहिलं. "तुला तो परत द्यायचाय का?"

"नाही. माप तर जुळलंय."

बायको दारात उभी होती, तिच्या हातातली कात्री, तीच वादग्रस्त, खाली पडली.

"म्हणजे," आई एकेक शब्द सावकाश म्हणाली, "हवा गाळायची जाळी तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बंद करून, आत बसवलीस. तीनदा. आणि तीनदा तसं लिहूनही दिलंस."

आरोपीनं गप्प बसावं हे बरं.

"लहानपणी," आई बायकोकडे वळून म्हणाली, "ह्याच्या बाबांनी एकदा ह्याला सांगितलं, गोळीचा कागद रस्त्यावर टाकायचा नाही. ह्यानं कागदासकट गोळी गिळली."

आणि दोघी हसायला लागल्या. आई हसता हसता खोकेल म्हणून मला भीती वाटली, पण ती नुसतीच हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एरवी माझ्यावर असं कुणी हसलं असतं तर मी दोन दिवस जेवलो नसतो. त्या दिवशी मला वाटत होतं, हसा, अजून हसा.

तोंडाला ओला रुमाल बांधून आई खाली आली. मी झाकण उघडून फिल्टर काढला. चार वाजून बारा मिनिटं झाली होती. पण लाल पट्टीवर नख ठेवलं आणि माझा हात पुढे जाईना. मी शब्द दिला होता हो त्या माणसाला! आईनं क्षणभर वाट पाहिली, मग माझ्या हातातून फिल्टर घेतला आणि पेन्सिलीचं टोक वेष्टनात खुपसून टरकन् फाडलं.

फिल्टर बसला. फोम चढला. एसी सुरू झाला, आणि डॅशबोर्डवर आणून ठेवलेले तिन्ही पंचनामे भरारा उडून मागच्या काचेवर जाऊन आपटले. असा वारा आमच्या गाडीनं आठ वर्षांत सोडला नव्हता. काका झोपेतून उठून खाली आले, त्यांनी जाळीवर बॅटरी मारली, वाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी म्हटलंच होतं, चमकतोय फार."

आई रुमाल काढून पुढच्या सीटवर बसली. आम्ही तिघं बाहेर उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. तिनं काच खाली केली. "कसलाही वास नाही," म्हणाली. "बॅग परत भरायला हवी."

मी खांबाच्या मागे गेलो आणि नाक शिंकरून आलो. धुळीनं.

रविवारी सकाळी सातला निघालो. मी निघण्याआधी काकांना बॅटरी परत केली आणि त्यांच्या पाया पडलो. ते इतके चकित झाले की त्यांना एकही सल्ला सुचला नाही. दुकान बंद होतं, तरी दुकानावरून जाताना मी बंद दाराला हात केला. माणूस आपल्या जागी बरोबर होता. बारा किलोमीटरचा तो पेट्रोल पंप आला. मी आरशात बायकोकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. पंप मागे पडला.

"काय रे," आई म्हणाली, "तुम्ही दोघं श्वास रोखून का बसलात? मला नीट येतोय, तुम्हीही घ्या."

मी घेतला. इतका मोठा श्वास मी कित्येक दिवसांत घेतला नव्हता.

अकरा चाळीसला मावसभावानं दार उघडलं. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, आमच्याकडे पाठ करून. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. आई सावकाश चालत तिच्यासमोर गेली, काही न बोलता वही उघडली आणि पहिलं पान तिच्यासमोर धरलं. मावशीनं चष्मा सारखा केला आणि कान गेलेली माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात वाचलं:

"तुझे सगळे हॅलो मला ऐकू आले."

मावशीनं वही बाजूला सारली आणि आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पुढची काही मिनिटं आम्ही बाकीचे स्वयंपाकघरात होतो, तिथे कुणालाच काही काम नव्हतं.

परत आलो तेव्हा दुसरं पान चालू होतं. ते आईनं आदल्या संध्याकाळी लिहिलेलं असणार, कारण मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि चार घरं ऐकतील अशा आवाजात विचारलं, "पिशवीसकट?"

मी मान डोलावली. मावशी हसली. आई हसली. त्या दोघी एकमेकींचे हात धरून हसत राहिल्या, आणि त्या घरात कुणी खोकलं नाही. मी उभा होतो तिथे मला फार बरं वाटत होतं. त्या गोड आवाजाच्या बाईंचे, दुकानदाराचे, काकांचे, बायकोच्या चुंबकाचे, आणि एकतीस वर्षं आईला प्रत्येक ओळ वाचायला लावणाऱ्या त्या छापखान्याचे माझ्यावर उपकार होते, आणि ते कसे फेडायचे मला माहीत नव्हतं. लिहिता मात्र येत होतं. मी आईकडून वही घेतली, शेवटचं पान उघडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं:

'आज रोजी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दोन बहिणी समक्ष भेटल्या. दोघीही शाबूत.'

आणि खाली सहीसाठी दोन रेघा मारल्या.

आईनं चष्मा लावला, पेन्सिल फिरवत सगळं वाचलं, माझी एक वेलांटी दुरुस्त केली आणि मग सही केली. मावशीनं न वाचताच केली.